हातचा

कुटाइसीत डिसेंबरात पाचलाच अंधार पडतो.
बेका आला लोकरीच्या टोपीत काहीतरी गुंडाळून,
मांजराचं पिल्लू आणावं तसं.
"नतेला बाई, हे चालेल का माझ्यात?"
माझ्यात, म्हणाला. माझ्या कॉम्प्युटरात नाही.

ग्राफिक्स कार्ड. सेकंडहँड.
वर स्वानेतीत कुणाच्या तरी गोठ्यात
तीन हिवाळे रात्रंदिवस नाणी दळत होतं.
पंख्याच्या पात्यांत अजून गवताची एक काडी.
आख्खा सप्टेंबर द्राक्षं तोडून
त्यानं हे घेतलं होतं.

मी चार स्क्रू काढले,
पॉवर सप्लाय बाहेर घेतला, तळहातावर तोलला.
एकवीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं,
पण ही परीक्षा बाजारातल्या बायकांकडून शिकले:
हलका अक्रोड आतून किडका.
हा हलका होता.

लेबलवर सोनेरी, ठसठशीत: पाचशे वॅट.
"पोतीचा मावसभाऊ म्हणतो, पाचशे म्हणजे पुष्कळ."
खाली बघ. अक्षर जिथं बारीक होतं तिथं.
बारा व्होल्ट. अठ्ठावीस अँपिअर.
कर गुणाकार.
त्यानं फोन काढला.
ठेव तो. तोंडी कर.

बारा आठे शहाण्णव.
सहा मांडले, हातचे नऊ.
बारा दुणे चोवीस, चोवीस आणि नऊ तेहतीस.
"तीनशे छत्तीस," तो म्हणाला, आणि पुन्हा सोनेरी आकड्याकडे पाहिलं
जसं एखाद्या काकाकडे पाहावं
ज्यानं लग्नात फार मोठ्यानं टोस्ट केला होता.

बाकीचे वॅट आहेत, पण दुसऱ्या तारांवर.
तुझं कार्ड त्यांना तोंड लावत नाही.

आता खर्च मांड.
कार्ड दोनशे वीस. प्रोसेसर नव्वद.
बोर्ड, डिस्क, पंखे, सगळे मिळून चाळीस.
"चौदाच जास्त होतात, बाई. चौदानं काय होतंय?"

चौदाचं नाही रे.
कार्ड एकसारखं पीत नाही.
पडद्यावर स्फोट झाला की पापणी लवेपर्यंत
दोनशे वीसचे तीनशे मागतं,
घरात काय शिल्लक आहे ते न विचारता.
त्या पापणीसाठी ठेवायचा असतो हातचा.
वहीतला हातचा पुढच्या घरात मिळवून टाकतो आपण.
हा मिळवायचा नाही. नुसता असू द्यायचा.

(त्याला सांगितलं नाही, पण त्र्याण्णवच्या हिवाळ्यात
आमच्या आख्ख्या जिन्याला वीज होती ती
कोपऱ्यावरच्या बेकरीच्या तारेवरून चोरलेली.
घरटी एक दिवा, असं ठरलेलं.
एका रात्री कुणीतरी शेगडी लावली.
अकरा दिवस अंधार.
कुणी लावली, हे आजवर कुणी विचारलं नाही.
माझी आई आजारी होती. थंडी फार होती.)

खिशातून त्यानं शेवटची आशा काढली:
दोन बारीक वायरी पिळून एक जाड केलेला कनेक्टर.
मी तो घेतला आणि माझ्याच खणात टाकला.
त्या खणात असे सात आहेत, दोन जळलेले.

"मग?"
मग कार्डाला लगाम घालू. दीडशेवर बांधून ठेवू.
थोडं हळू पळेल.
उन्हाळ्यात चांगला, जड सप्लाय घे, मग सोडू मोकळं.
"म्हणजे पूर्ण नाही."
पूर्ण नाही.
तो गप्प झाला. सोळा वर्षांचं गप्प, फुगलेलं.
मला म्हणावंसं वाटलं की मीही तशीच चालते,
तू ओळखतोस ते सगळेच.
म्हटलं नाही. स्क्रू शोधत राहिले.

रात्री आठला स्क्रीन उजळला.
त्यानं एक डोंगर उघडला, त्यावरचा बर्फ,
बर्फातल्या पावलांच्या सावल्यासुद्धा.
आम्ही दोघं बघत बसलो.
बाहेर कुणीतरी लिफ्टच्या डब्यात वीस तेत्री टाकली,
लिफ्ट गुरगुरत निघाली
आणि छताचा दिवा क्षणभर मलूल झाला.

बेकानं वर पाहिलं. मीही.
डोंगर मात्र जागच्या जागी होता.