एकशे साठ व्होल्ट

नई सडकेवर हरदासमलच्या दुकानात
वरच्या फळ्यांवर आरत्या, लांगुरिया, कव्वाल्या,
आणि इंग्रजी सगळं खाली,
गल्ल्याशेजारच्या खणात, त्याच्या पित्ताच्या गोळ्यांसोबत.
मंगळवारी तो दिल्लीला जायचा,
बुधवारी खण उघडायचा.
"बेटा, ये वाला चिल्लाता बहुत है,"
एवढाच अभिप्राय. किंमत नव्वद.
नव्वद म्हणजे बाडा ते कंपू
परतीच्या टेंपोचे दीड महिन्याचे पैसे,
तेही दोघींचे.
मी आणि सुनयना इंगळे चालत यायचो,
एप्रिलातसुद्धा, ओढणी डोक्यावर, जीभ टाळ्याला.

आमच्याकडे गाणं होतं. म्हणजे होतंच.
बाबा विद्यालयात शिकवायचे, संध्याकाळी घरी शिकवण्या,
तराण्याच्या बोलांवर मी दात घासत मोठी झाले.
त्या घरात मी हे आणलं:
न विंचरलेल्या केसांचं, तीन कॉर्डचं,
गॅरेजातला पत्रा कुणी ओढत न्यावा तसं गाणं.
नाव एका जुन्या मासिकात सापडलं होतं. ग्रंज.
बाबांनी विचारलं, कुठला गंज? दौलतगंज?
म्हटलं, नाही. लोखंडावरचा.

थंडीत तिबेटी यायचे स्वेटर घेऊन.
त्यांच्या ढिगातून सुनयनाने चौकड्यांचा शर्ट उपसला,
पुरुषी, दोन मापं मोठा, एक बटण गायब.
एकच होता, म्हणून सोम-मंगळ-बुध तिचा.
आई म्हणाली, फरशी पुसायला बऱ्या आहेत बाह्या.

शब्द कळायचे नाहीत. कव्हरवर छापलेले नव्हते.
मग जसं ऐकू येईल तसं देवनागरीत उतरवलं,
चाळीस पानी वहीत, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून.
एका ठिकाणी तो स्पष्ट "आलो मावशी" म्हणतो,
यावर आमचं आजही एकमत आहे.

पण सांगायचं होतं ते विजेचं.

उन्हाळ्यात दिवेलागणीला कूलर सुरू झाले
की अख्ख्या लश्करचा दाब उतरायचा.
स्टॅबिलायझरचा काटा एकशे साठवर थरथरत,
बल्ब केशरी, पंख्याची पाती मोजता येतील अशी,
आणि टेप
हळूहळू खाली बसत जायचा,
विहिरीत दोर सोडावा तसा तो आवाज,
खाली, अजून खाली, पाणी लागेपर्यंत.
मला वाटायचं, हे त्याचं दुःख.

एकदा शिकवणी संपवून बाबा दारात थांबले.
मी आवाज कमी करायला हात पुढे केला,
म्हणाले, राहू दे.
डोळे मिटून पूर्ण अंतरा ऐकला, त्यात अंतरा नव्हता तरी.
मग म्हणाले, "षड्ज उतरलाय. पाऊण सूर.
त्याची चूक नाही. काटा बघ."
आणि पाय धुवायला गेले.

आता मी सिटी सेंटरला राहते.
इन्व्हर्टर आहे, दिवा लुकलुकतसुद्धा नाही.
परवा शाल्मलीने फोनवर तेच लावलं,
स्वच्छ, धुतलेलं, प्रत्येक तार वेगळी.
म्हटलं, फास्ट आहे गं. कुणीतरी पळवलंय.
"आई, ओरिजिनल आहे."
असेल.
बावीस-तेवीसचा पोरगा निघाला तो,
घाईतला, घशात अजून दूध असलेला,
तिच्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठा.
इतकी वर्षं मी त्याला
वडिलांच्या वयाचा समजत होते.

रात्री सुनयनाला फोन केला, जबलपूरला.
तिच्या लग्नात वाटणी झाली होती,
कॅसेट माझ्याकडे, कव्हर आणि शर्ट तिच्याकडे.
शर्टाचं विचारलं नाही.
म्हटलं, ती ओळ म्हण.
म्हणाली, आत्ता? कुकर लावलाय.
मग गॅस बंद केल्याचा आवाज आला,
आणि ती म्हणाली,
पाऊण सूर खाली,
मावशीसकट.