शिट्टी काढलेला कुकर

मेडिकलमधून रिपोर्ट गुरुवारी.
आज सोमवार. नाही, मंगळवारच लागला,
पावणेतीन झाले.
अख्खा मानेवाडा झोपलाय,
कूलरची मोटर तेवढी
तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते.

उठते. ओट्यावरचा दिवा लावते.
जुन्या कुकरची शिट्टी काढते, रिंग काढते,
तळाशी कन्हानची रेती,
बांधकामावरून आणलेली, तीनदा धुतलेली.

मैदा चाळताना हात थरथरतो.
चाळणीला ते चालतं.

संत्र्याची साल किसायची,
नुसती केशरी, पांढऱ्यापर्यंत जायचं नाही.
आत्ता एवढंच लक्षात ठेवायचं आहे.
सालीचं तेल डोळ्यात उडतं
आणि रडायला एक साधं कारण मिळतं.

भिंतीपलीकडून ढेंगेकाकू:
"काय करून राहिली वं कुंदा इतक्या रात्री?"
"केक."
"कोनाचा वाढदिवस?"
"कोणाचाच नाही."
बराच वेळ काही नाही.
मग, "सकाळी मले बी देजो."

पंचेचाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही.
आत काय चाललंय ते बघायचं नाही.
मला हे कशातच जमलेलं नाही.
चौतिसाव्या मिनिटाला उघडलंच.

मधोमध खड्डा पडला.
काकूंसाठी कडेचा चांगला तुकडा काढून ठेवला,
खड्डा मी खाल्ला, उभ्यानेच,
चमच्याने, कच्चट, गरम, कडूसर.

दूधवाल्याची घंटी वाजली तेव्हा
कुकरला हात लावून पाहिला.
रेती अजून निवली नव्हती.
माझा हात
तिथेच राहिला जरा वेळ.