बोटं मोकळी

फोटोत कान दिसले पाहिजेत, असा नियम आहे.
रीगलजवळच्या स्टुडिओतला पोरगा माझे केस मागे सारतो.
"हसायचं नाही मॅडम. कान हवेत, दोन्ही."
एकोणीस वर्षं मी बहिऱ्या मुलांना शिकवते.
वर्गात हे करून दाखवलं तेव्हा
हुसैना पोट धरधरून हसली.
कानांचा फोटो! त्यांचं तिकडे काय करतात?

मग नाव.
मार्कशीटवर उज्वला, एक ज.
आधारवर दोन.
मोती तबेल्याच्या नोटरीनं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं
की या दोन्ही बाया एकच आहेत,
आणि शिक्का मारताना चष्म्यावरून एकदा बघून घेतलं.
शाळेत माझं नाव म्हणजे
डाव्या भुवईवरून ओढलेली तर्जनी,
आठव्या वर्षी झोक्यावरून पडले, तो व्रण.
त्यात ज नाहीच.

फॉर्ममध्ये विचारलंय:
कोणत्या भाषा बोलता, वाचता, लिहिता?
मराठी, हिंदी, इंग्रजी, खुणा करत गेले.
जिच्यासाठी बोलावलंय
ती कुठे भरू?
कागद असता तर समासात खरडली असती.
स्क्रीनला समास नसतो.

अहमदाबादला रात्रीच्या बसनं.
काचेवर आधी उजवी चार बोटं, मग डावी, मग अंगठे.
यंत्रानं तीनदा नाकारली.
"खडूनं झिजलीत," मी म्हटलं.
"पुसा आणि दाबून ठेवा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.
दाबून ठेवली.
जागेपणी इतका वेळ
माझे हात कधी गप्प बसले नव्हते.

श्रीरंगनं विम्याचे कागद तीन प्रतींत काढले,
रात्री जेवताना वाचून दाखवले.
अंगठ्याला इतके टक्के, तर्जनीला इतके,
करंगळीला सगळ्यात कमी.
अरे, पण करंगळी म्हणजे 'वाईट'.
तीच गेली तर
वाईट कशाला म्हणू मी?
तो म्हणाला, वरण वाढ.

जेल रोडवर सगळ्या जगाचा एकच प्लग मिळाला, दीडशेत.
सियागंजात गुलाबचंदच्या काट्यावर बॅग चढवली:
पंचवीस किलो चारशे.
तेवीसच चालतात.
वन्संनी दिलेली लसणी सेव निम्मी काढली,
ती गुलाबचंदनंच विकत घेतली, वर म्हणाला, जरा मऊ पडलीये.
दुसरा स्वेटर निघाला. जाड बूट पायातच घालायचे ठरले.

राहिले हातमोजे.
तिथे उणे बारा.
तिबेटी बाजारातल्या बाईनं लोकरीचे दिले,
अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एकाच पिशवीत.
फार उबदार.
दुसऱ्या दिवशी घालूनच वर्गात गेले,
म्हटलं, बघू.
"मी सोमवारी जाणार," मी सांगितलं.
गेंदालालला कळलं, मी भाकरी थापणार.
"तिथे चाळीस देशांचे शिक्षक येतील."
कुणालाच काही कळलं नाही.
पहिल्यांदा कळलं मला,
या मुलांशी लोक कसं बोलतात.

शेवटी शेजारच्या पडवळकाकूंनी विणून दिले,
बोटं निम्म्यावर उघडी.
"पण टोकं गारठतील ग," त्या म्हणाल्या.
गारठू देत.
अधूनमधून बगलेत घालीन,
तेवढा वेळ दुसऱ्यांचं ऐकेन.

ऐकेन, म्हणजे बघेन.

आज शनिवार. मुलांनी विचारलं,
त्या देशाची खूण काय?
मला माहीत नाही. तिथले बहिरे काय करतात, कोण जाणे.
फळ्यापुढे बराच वेळ वाद झाला.
गेंदालालनं बर्फ सुचवला, कुणी विमान.
हुसैनानं दोन्ही मुठी छातीशी थरथरवल्या
आणि एक हात खिडकीबाहेर लांब नेला.
तूर्तास हीच, असं ठरलं.
चुकली असेल
तर आल्यावर दुरुस्त करायची.