तोट्या बदलल्या त्या आठवड्यात

घरात तोट्या पाच.
पाचही गळायच्या, आपापल्या वेगानं.
मोरीतली टप् टप्,
न्हाणीतली नुसतीच ओली,
अंगणातलीची तर मी पिळून पिळून
मूठ गुळगुळीत केलेली.
प्रयाग म्हणायची, "किती आवळायलाव,
फाशी द्यायलाव का तिला?"

परभणी स्टँडावर एकतीस वर्षं
मी वाहतूक नियंत्रक.
जिंतूर, पाथरी, गंगाखेड, फलाट चार.
गाडी आली नाही की लोक खिडकीशी यायचे
आणि मी माईकचा दांडा आवळायचो,
दांड्यासोबत जबडा.
रिटायर झालो, माईक सुटला.
जबडा ड्यूटीवरच राहिला.
दातांच्या डॉक्टरनं आरसा धरून दाखवलं:
दाढा अशा झिजलेल्या
की टाकी लावायला आलेलं जातं.

म्हणून वसमत रोडला, लोमटे मॅडमकडं.
कपाळावर, गालावर चिकटपट्ट्या, वायरी,
बोटाला चिमटा,
समोर पडद्यावर हिरवी रेघ
आणि कानात एक शिट्टी.
बायोफीडबॅक म्हणतात त्याला.
"ताण सुटला की शिट्टी खाली येईल, काका."
मी लागलो ताण सोडायला,
पार जीव तोडून.
शिट्टी चढत गेली,
पहिल्या गिअरात घाट चढणाऱ्या लाल डब्यागत.
मॅडम हसल्या नाहीत.
"काही करू नका," म्हणाल्या.
हे मला आजवर
कोणत्याही साहेबानं सांगितलं नव्हतं.

बुधवारी जलील मिस्त्री आला.
पिशवीत पाना, करवतीचं पातं,
टेफलॉनच्या पट्टीची पांढरी रिळं.
जुनी पितळी तोटी हलेना.
बोअरच्या पाण्याचा क्षार
आट्यांत दगड होऊन बसलेला.
मी म्हणालो, लाव जोर.
त्यानं तेलाचे चार थेंब सोडले,
पायरीवर बसून बिडी पेटवली.
"ठैरो काका. पकड भूलने दो उसको."
बिडी संपली. तोटी निघाली.
दुसरी, तिसरी, चौथी.

पाचवीचा पाईपच तुटला, भिंतीच्या आत.
टाइल फोडावी लागली,
न्हाणीतली, निळ्या फुलाची,
तिची जोडी आता मोंढ्यात तरी कुठं मिळायची?
प्रयाग काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.
आणि तेव्हा, कपाळाला वायर नाही, बोटाला चिमटा नाही,
मला शिट्टी ऐकू आली.
चढत होती.
मी पहिल्यांदा जिभेनं चाचपलं
दात कुठं आहेत ते.

नव्या तोट्या पाव फेऱ्यात बंद होतात,
एका बोटानं.
हात ऐकत नाही अजून.
पाव फेरा संपला तरी
तो उरलेले चार फेरे शोधत राहतो,
सुटलेल्या गाडीमागं पळणाऱ्या माणसागत.
जुन्या पाचही भंगारात घातल्या.
पितळ सव्वा किलो भरलं,
त्यात मिस्त्रीची मजुरीही निघाली नाही.

नगरपालिकेचं पाणी दहाव्या दिवशी,
तेही कधी, ते सांगता येत नाही.
अंगणातली तोटी उघडी ठेवायची,
खाली पत्र्याची बादली,
आणि एक कान जागा ठेवून झोपायचं.
रविवारी पहाटे तीनला
पाईपात हवा सुटली.
आधी बारीक, उंच शिट्टी,
मग जरा जाड,
मग घोगरी, उतरत उतरत,
आणि बादलीच्या बुडाशी पहिली धार.
"उठा, पाणी आलं," प्रयाग म्हणाली.
"ऐकायलो," मी म्हणालो.
आणि पडूनच राहिलो, तोंड थोडं उघडं,
दाताला दात न लागता.

बादली भरली.
वाहू लागली.
बोलणी खाल्ली ती वेगळीच.