डावीकडची सीट

वीस वर्षं मी फिरत्या वाचनालयाची गाडी चालवली
फाइफच्या किनाऱ्यावरच्या गावांमधून.
मग ती बंद झाली, आणि पन्नाशीत मला कळलं
की जे येतं ते सांगता येत नाही.

"क्लच कधी सोडायचा?" गेडिस विचारतात.
मी म्हणते, पायाला कळतं.
"तुझ्या पायाला. माझा आज पहिलाच दिवस आहे."

असा भरतो आमचा वर्ग, कर्कॉडीच्या बंदरापाशी:
काचेवर माझा गुलाबी त्रिकोण, शिकाऊ शिक्षिकेचा,
मी डावीकडे, पायाशी जादाचा ब्रेक, कपाळासमोर जादाचा आरसा,
आणि स्टिअरिंगवर एकाहत्तर वर्षांचे स्ट्रुअन गेडिस,
जे सोमवारी सतरा वर्षांची आयला असतात,
बुधवारी दोनदा नापास झालेला पाववाला,
शुक्रवारी, नवरा गेल्यावर गाडी शिकायला निघालेल्या बाई.

आयला स्टिअरिंगला बिलगून बसते.
पाववाला आरशात बघतो ते केस सारखे करायला.
बाई प्रत्येक सिग्नलची आधी माफी मागतात.
गेडिस चुकतात तेसुद्धा चोख.

माझं काम चूक हेरायची,
पण झडप घालायची नाही.
"पाय ब्रेकवर नको, ब्रेकजवळ.
या धंद्यात सगळा फरक त्या दोन बोटांचा."
"'जपून' म्हणू नकोस. जपून म्हणजे नेमकं काय करू?"
"आणि सांगू नकोस, विचार.
काय दिसतंय ते त्याच्याच तोंडून येऊ दे."

रात्री मी चहा करतानाही मोठ्याने बोलते:
आता मागे बघते, आता किटली उचलते.
फ्रेझर म्हणतो, आई, इंडिकेटर राहिला.

नोव्हेंबरातला गुरुवार. चारलाच दिवे लागलेले,
वाऱ्यावर लिनोलियमच्या कारखान्याचा जवसाच्या तेलाचा वास.
गोल चौकात शिरलो. त्यांनी पहिला रस्ता सोडला,
दुसरा सोडला, तिसरा,
परत पहिला.

शिकल्याप्रमाणे मी विचारलं, आपण कुठे निघालोय?
उत्तर नाही. मनात म्हटलं, आज हा कोण?
आयला नव्हे, पाववाला नव्हे,
कुणी नवीनच, आणि किती बेमालूम!
मी कौतुक करत होते, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या फेरीत चाक वळलं ते उलट्या बाजूला,
जिथून मासळीची लॉरी येत होती, दिवे पूर्ण उघडून.

माझा पाय कधी गेला
ते मला कळलं नाही. पायाला कळलं.

मग नुसते भोंगे. त्यांचे हात दहावर आणि दोनवर,
पहिल्या दिवशी शिकवतात तसे.
मी विचारलं, काय दिसतंय तुम्हाला?
"पाटी," ते म्हणाले.
पाटीवर काय आहे?
बराच वेळ. मग, "अक्षरं."

पहिला गिअर, मी म्हटलं. खांद्यावरून मागे बघा.
आता क्लच, हळू, अजून, तिथेच धरा.
माझा आवाज मला ओळखू आला नाही,
इतका तो शिक्षिकेचा होता.
एक चाक फुटपाथवर चढवून आम्ही कडेला लागलो.

थर्मासमधला चहा प्याल्यावर ते पुन्हा गेडिस झाले.
नोंदवही काढली. "ब्रेक वेळेवर.
बोलायला उशीर केलास. तीनपैकी दोन."
तारखेची जागा त्यांनी कोरी ठेवली.
मीही काही विचारलं नाही,
आणि विचारणं हाच तर सगळा अभ्यासक्रम.

"उद्या कोण होऊन येऊ?"
मी म्हटलं, उद्या मी चालवते. तुम्ही इकडे बसा.
माझी परीक्षा जानेवारीत आहे,
दुसरा शिक्षक शोधायला वेळ आहे, असंही मनात येऊन गेलं.

ते उतरले. गाडीला वळसा घालून माझ्या दारापाशी आले,
किल्ली पुढे केली,
आणि सोडली नाही लगेच.