कोण

सोहारला समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात
चार नंबरचा पंप रोज पहाटे तीन दहाला थिजतो.
ऑगस्टात इथे काचेला बाहेरून घाम येतो.
आत आम्ही दोघं, थर्मासातला कराक चहा
आणि काळा पडदा.

जुना डीबगर मेलेल्या सिस्टीमचं पोट फाडायचा
आणि आकडे ओकायचा. नुसते पत्ते.
कुठल्या पत्त्यावर कोण राहतं ते तुम्हीच हुडका.
मागोवा घेताना तिसऱ्या पायरीवर घसरला
की 'पुढे काही नाही' म्हणून मोकळा.
वरचा बाण दाबला तर
आत्ताच दिलेली आज्ञाही त्याला आठवत नसे.

उन्हाळाभर मी त्याच्या मानगुटीवर बसले.
पत्त्यांना नावं दिली,
मोडकी पायरी ओलांडून पलीकडे बघायला शिकवलं,
आणि एक नवी आज्ञा घातली, तीन रोमन अक्षरांची:
कोण.
कोण कुणासाठी ताटकळलंय,
किल्ली कुणाच्या कनवटीला आहे, ते ती सांगते.

हुमैद शिझावी ती बिनबोभाट टाइप करायचा.
एका रात्री म्हणाला, नाव छान ठेवलंस.
आमच्यात 'कुन' म्हणजे 'हो'.
होकारातला नव्हे, होण्यातला.
मी म्हटलं, आमच्यात नुसता प्रश्न आहे तो.

तीन दहा. पंप थिजला.
कोण. एंटर.
सतरा कामं एका कुलपापाशी रांगेत उभी,
आणि कुलूप लावणारं काम केव्हाच संपलेलं,
किल्ली खिशात घालून गेलेलं.
चारशे बारावी ओळ. तिच्या डोक्यावर टीप:
'तात्पुरतं. सुट्टीवरून आलो की नीट करतो. थंकप्पन.'
अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

हुमैदला आठवत होता तो.
कैरीच्या लोणच्याची बरणी आणायचा.
सुट्टीवर गेला.
दोन महिन्यांनी त्याच्या टेबलावर प्रिंटर आला.

मी दोन वर्षांसाठी आले होते.
फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही,
विकताना भाव बरा येतो म्हणतात.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली.
पंप खाकरला, चालू झाला.
टीप खोडायची असते, नियम आहे तसा.
माझा कर्सर तिच्याशेजारी बराच वेळ लुकलुकला,
मग मी फाइल बंद केली.

हुमैद नळाचं पाणी ग्लासात घेऊन आला.
म्हणाला, पिऊन बघ.
मला काही वेगळं लागलं नाही.