जवारी

माझ्या पोरीच्या डाव्या कानाची पाळी
सुकलेल्या अंजिरासारखी झालीय.
सोळा वर्षं स्क्रमच्या दुसऱ्या ओळीत
पुढच्या दोघींच्या मांड्यांमध्ये डोकं घालून ढकलत राहिली,
त्याचं हे व्याज, म्हणते आणि हसते.
दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी हसते.

मिरजेत आमच्या गल्लीत तिचा पहिला चेंडू म्हणजे भोपळा.
बेगमपूरकडनं आलेल्या गाडीतला, पोटाला चीर गेलेला.
सतारीच्या कामाचा नाही म्हणून मी भिरकावला
आणि तहसीननं तो जमिनीला लागू दिला नाही.
नऊ वर्षांची होती. छातीशी धरून पळाली
पार दर्ग्याच्या कमानीपर्यंत.
मागं दोन भाऊ, त्यांच्या मागं मी, हातात कानस.

पुढं शाळेत खरा चेंडू आला.
तोही लांबोडा, कुठं उसळेल त्याचं त्यालाच ठाऊक.
खोतबाई म्हणाल्या, शिकलगार,
पोरीच्या खांद्यावर हळदीचं पोतं ठेवा, हलणार नाही.
कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही.
कसा खेळतात, म्हणून विचारलं.
पळायचं पुढं, बाई म्हणाल्या,
आणि चेंडू द्यायचा मागं.
हातानं पुढं दिला की शिट्टी.
मी म्हटलं, असला कसला उलटा खेळ.

जकार्ता, मनिला, ताश्कंद.
गावांची नावं मी तारांच्या डब्यावर खिळ्यानं कोरली.
पहिल्या सामन्यानंतर फोन आला,
अब्बा, ब्याऐंशी–शून्य.
मी विचारलं, ब्याऐंशी कुणाचे?
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

सोयरीक घेऊन येणाऱ्यांना मी चार वर्षं सांगितलं,
कबड्डीसारखं काहीतरी खेळते.
अल्ला माफ करो, कबड्डीसारखं त्यात काही नव्हतं.

एकदाच बघितलं, भाच्याच्या फोनवर.
बायकांचा ढीग, तोंड एकीचंही दिसेना.
माझी मी टाचेवरनं ओळखली.
मग ढीग उठला. टाच तिथंच राहिली.

तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली. बस, म्हणाल्या.
एकोणतीस वय. अकरा सामने देशाकडनं,
एक निळा कोट, जो मिरजेच्या उन्हात कुणी घालत नाही.
कानात काय होतं गं, मी विचारलं.
गुंजतं, अब्बा. थांबत नाही.

ते मला माहीत आहे.
उंटाच्या हाडाची घोडी, तिच्यावर तार टेकते,
तिथं घासून घासून आम्ही गुंज आणतो. जवारी म्हणतात.
कमी घासली तर तार मुकी.
जास्त घासली तर उगाच भणभणते,
आणि घासलेलं हाड परत भरत नाही.

दोन्ही पोरं पुण्याला. एक टेम्पो चालवतो,
एक हप्ते वसूल करतो.
पोरीला हे काम शिकवायची आमच्यात रीत नाही.
माझ्या मागं कुणी नाही, असंच मी धरून चाललो होतो.

परवा धारवाडच्या बुवांची जुनी सतार आली.
खर्ज बसेना. माझे कान आता माझे राहिले नाहीत.
तहसीन उठली, पाय फाकून गुडघ्यात वाकली,
खांदा खाली घेतला
आणि कपाळ भोपळ्याला टेकवलं.
छेडा, म्हणाली.
कानानं नाही, कपाळाच्या हाडानं ऐकत होती.
अजून एक हात मारा, अब्बा. बाहेरच्या कडेला.
मारला. बसला.
हे तिला कुणी शिकवलं?

पुढच्या तारेला मी मान वळवली नाही.
कानस नुसती मागं धरली.
तिनं अशी घेतली, जशी ती येणार हे ठरलेलंच होतं,
दोन हात मारले, फुंकर घातली,
घड्याळाकडं बघितलं.
उरलेलं उद्या, म्हणाली,
पाचला पोरी मैदानावर येतात.